हस्तनियंत्रित वाहनाचा इतिहास : साइड व्हीलच्या स्कूटरपासून गो-कार्टपर्यंत (उल्हासनगर कॅम्प नं. ३ च्या संदर्भात)

प्रस्तावना :

८ ऑगस्ट १९४९ रोजी भारताचे तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसविण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी संक्रमण छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसविण्यात आले आणि छावणीच्या विभागांचे कॅम्प नं. १ ते ५ हे क्रमांक पुढे शहराच्या पत्त्यातही कायम राहिले. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बराकींत पडदे, पत्रे व भिंती घालून कुटुंबांनी खोल्या केल्या, पुढे दुकाने व कारखाने काढले. एका उपयोगासाठी बांधलेली वास्तू दुसऱ्या उपयोगासाठी बदलून घेणे हीच या शहराची घडण होय.

या शहराच्या इतिहासात 'पुनर्वसन' हा शब्द निर्वासितांच्या संदर्भात येतो. त्याच काळात वैद्यकाच्या क्षेत्रात हाच शब्द युद्धात वा आजारात अवयवांची शक्ती गमावलेल्या व्यक्तींसाठी रूढ होत होता. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : शासनाने दिलेला साचा माणसाने स्वीकारावयाचा, की माणसाच्या गरजेनुसार तो बदलावयाचा? अपंग चालकांसाठी वाहनाची नियंत्रणे पायाकडून हाताकडे आणण्याचा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरतो. गो-कार्ट हे खेळाचे छोटे वाहन त्या इतिहासातील अलीकडचे टोक आहे. प्रस्तुत लेखात या प्रवासाचा आढावा घेऊन हस्तनियंत्रित गो-कार्टच्या आराखड्याची तत्त्वे मांडली आहेत.

ज्या काळाची चर्चा आहे त्या काळातील कायद्याचा व व्यवहाराचा शब्द 'अपंग' असल्याने तो येथे वापरला आहे. २०१६ नंतरच्या संदर्भात 'दिव्यांग' हा आजचा शासकीय शब्द योजला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) हस्तनियंत्रित वाहनांच्या विकासाचे ऐतिहासिक टप्पे पाहणे.
२) महाराष्ट्रात अपंग चालकांनी प्रत्यक्षात कोणती वाहने स्वीकारली व का, याचा शोध घेणे.
३) मोटार वाहन कायद्यातील व्याख्या आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील अंतर तपासणे.
४) गो-कार्टसाठी हस्तनियंत्रणाच्या आराखड्यातील प्रमुख प्रश्न स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :

लेखात ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन कायद्यातील तरतुदी, वाहनांची रचना व सार्वजनिक नोंदीतील घटना यांवर आधारलेले आहे. कॅम्प नं. ३ हे येथे संदर्भस्थळ आहे. शासकीय मध्यवर्ती रुग्णालय, महाविद्यालये आणि बाजारपेठ एकाच परिसरात असलेली ही वस्ती मुंबई महानगर प्रदेशातील मध्यम उत्पन्नाच्या चालकाची परिस्थिती समजण्यास उपयुक्त ठरते.

विषय विवेचन :

१. युद्ध, आजार आणि हाताने चालणारे वाहन

स्वतःच्या हातांनी स्वतःचे वाहन चालविण्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. जर्मनीतील न्युरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ येथील घड्याळजी स्टेफान फार्फलर याने १६५५ च्या सुमारास हाताने दांडा फिरवून चालणारी तीनचाकी खुर्ची स्वतःसाठी तयार केली. तो स्वतः पायांनी अधू होता. वापरणारा आणि बनविणारा एकच असणे हे या इतिहासाचे वैशिष्ट्य पुढेही वारंवार दिसते.

मोटारीच्या युगात हा प्रश्न कठीण झाला, कारण मोटारीने तीन कामे पायांकडे सोपविली : क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. १९२१ मध्ये पायांतील शक्ती गमावलेले फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेचे अध्यक्ष असताना हातांनी चालणाऱ्या दांड्या बसविलेली फोर्ड मोटार स्वतः चालवीत. तथापि ही सोय व्यापक झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पाय गमावलेल्या माजी सैनिकांना मोटारीसाठी १,६०० डॉलरपर्यंत साहाय्य मंजूर केले. ब्रिटनमध्ये बर्ट ग्रीव्हज यांनी आपल्या अपंग नातेवाइकासाठी केलेल्या प्रयोगातून 'इन्व्हाकार' हे एका व्यक्तीचे तीनचाकी वाहन जन्मास आले आणि १९४८ पासून शासकीय योजनेद्वारे ते दिले जाऊ लागले. अमेरिकेने सर्वसाधारण मोटारीत बदल करण्यास मदत केली, तर ब्रिटनने अपंगांसाठी वेगळे वाहन निर्माण केले. इन्व्हाकारमध्ये दुसऱ्या माणसाला जागा नव्हती. आई झालेल्या अपंग स्त्रीला मूल सोबत नेता येत नसे. अखेरीस २००३ मध्ये ही वाहने ब्रिटनच्या रस्त्यांवरून कायमची काढून घेण्यात आली.

महाराष्ट्रातही पुनर्वसनाच्या संस्थांची सुरुवात युद्धाशी जोडलेली आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये सुरू झाले. मुंबईत फातिमा इस्माईल यांनी स्वतःच्या मुलीच्या पोलिओच्या अनुभवातून १९४७ मध्ये अपंग बालकांसाठी काम उभे केले, तर हाजी अली येथे १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. खडकी येथे अर्धांगवायू झालेल्या सैनिकांसाठीचे पुनर्वसन केंद्र १९७४ चे आहे. या संस्थांनी रुग्णाला बसते, उभे व शक्य तेथे चालते केले. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडल्यावर कामाच्या ठिकाणी पोहोचावयाचे कसे, हा प्रश्न मात्र बहुतांशी त्या व्यक्तीवर आणि तिच्या कुटुंबावर सोडलेला होता.

२. लूना, कायनेटिक होंडा आणि साइड व्हील

या प्रश्नाचे पहिले उत्तर हाताने दांडा फिरवावयाची तीनचाकी सायकल हे होते. कानपूरची 'अलिम्को' ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी १९७२ मध्ये स्थापन झाली व १९७६ पासून तिने उत्पादन सुरू केले. शासकीय योजनांतून या सायकली देशभर पोहोचल्या. परंतु खांद्याच्या बळावर किती अंतर कापता येईल, याला मर्यादा होती. चढ, खड्डे व पावसाळा यांत ही सायकल दुसऱ्याच्या हाताशिवाय पुढे सरकत नसे.

खरा बदल मोटारसायकल उद्योगाच्या एका अनपेक्षित बाजूने आला. बजाज चेतकसारख्या त्या काळच्या स्कूटरमध्ये क्लच व गिअर डाव्या हातात असले तरी मागचा ब्रेक पायाने दाबावा लागे आणि गाडी किक मारून सुरू करावी लागे. १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदिया उद्योगसमूहाने आणलेल्या लूनात गिअर नव्हता आणि दोन्ही ब्रेक हातात होते. म्हणजे चालती लूना हातांनी चालविता येत होती. ती सुरू करण्यासाठी मात्र पायडल मारावे लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या कायनेटिक होंडाने हा उरलेला अडसरही दूर केला. बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली व दोन्ही ब्रेक हातात असलेली ही स्कूटर अपंगांसाठी तयार केलेली नव्हती. तरीही पायांवाचून चालविता येईल अशी यंत्रणा तीत पूर्ण होती. उणीव राहिली ती एकच : थांबल्यावर गाडी पडू नये म्हणून जमिनीवर टेकावयाचे पाऊल.

ती उणीव साइड व्हीलने भरून काढली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस लोखंडी चौकटीवर एक-एक जादा चाक, कुबड्या ठेवण्यासाठी एक कडी, क्वचित पाठीला टेकू. हे काम लहान फॅब्रिकेशनच्या दुकानात होत असे. कॅलिपर लावून चालणाऱ्या पोलिओग्रस्त पिढीला या वाहनाने नोकरी, दुकान, महाविद्यालय यांच्याशी जोडले. भारतातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. मात्र त्यापूर्वी बाधित झालेली पिढी आज मध्यम वयात आहे, आणि रस्ते व रेल्वे अपघातांमुळे मणक्याच्या व पायांच्या दुखापती होतच आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील २ कोटी ६८ लाख अपंगांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्ती हालचालींच्या अपंगत्वाच्या गटातील होत्या. महाराष्ट्रातील एकूण अपंगांची संख्या २९ लाख ६३ हजार इतकी होती.

या व्यवस्थेचे दोषही नोंदविणे आवश्यक आहे. दुचाकी वळणावर आत झुकते व तोल सांभाळते. साइड व्हील लावल्यावर ती झुकू शकत नाही आणि वेगात वळताना बाहेरच्या अंगास कलंडण्याचा धोका निर्माण होतो. मागे घेण्याचा गिअर नसल्याने अरुंद गल्लीत गाडी वळविण्यासाठी कोणाला तरी हाक मारावी लागते. बराकींच्या मधल्या बोळांत वाढलेल्या उल्हासनगरसारख्या शहरात ही अडचण रोजची ठरते. वेल्डिंगच्या दर्जाची तपासणी कोण करणार, हाही प्रश्न उरतोच.

३. 'केवळ रूपांतरित नव्हे' : एका व्याख्येची कहाणी

साइड व्हीलची स्कूटर रस्त्यावर रुळली, तरी कायद्यात तिला नेमके नाव नव्हते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये अपंगवाहनाची व्याख्या होती. तिचा आशय असा : शारीरिक दोष वा अपंगत्व असलेल्या व्यक्तीच्या उपयोगासाठी विशेष रीतीने आराखडा करून बांधलेले, केवळ रूपांतरित केलेले नव्हे, असे वाहन. 'केवळ रूपांतरित नव्हे' ही शब्दयोजना ब्रिटनच्या १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यात आढळते. ज्या देशात अपंगांसाठी वेगळी वाहने बनविणारे कारखाने व ती पुरविणारे शासन होते, तेथे या भेदाला काही अर्थ होता. भारतात सर्वसामान्य व्यक्तीला उपलब्ध होते ते बाजारातील वाहन आणि त्यात बदल करून देणारा कारागीर. म्हणजे जे प्रत्यक्षात शक्य होते, नेमके तेच व्याख्येबाहेर राहिले.

याचा परिणाम परवाना, नोंदणी व विमा या तिन्ही बाबींवर होणे स्वाभाविक होते. वाहनाच्या नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास कायद्याच्या कलम ५२ ने बंधन घातले होते. अपंग चालकाला परवाना मिळण्याची वाट अपंगवाहनातून जात होती, आणि त्याचे प्रत्यक्षातील वाहन कायद्याच्या अर्थाने अपंगवाहन होते की नाही, यावर मतभेद संभवत होता. ही संदिग्धता सोडविण्याचा भार अर्जदारावरच पडत होता.

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने रेल्वेचे डबे, बस, जहाजे, रस्ते व इमारती अपंगांसाठी सोयीच्या करण्यावर भर दिला. स्वतः वाहन चालविणाऱ्या अपंग व्यक्तीचा विचार त्यात ठळकपणे आढळत नाही. अपंग व्यक्ती प्रवास करते ती प्रवासी म्हणून, ही धारणा त्यामागे दिसते. भारताने २००७ मध्ये मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात वैयक्तिक गतिशीलता हे स्वतंत्र कलम आहे. त्याचे प्रतिबिंब दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये उमटले. या अधिनियमाच्या कलम ४१ मध्ये परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक गतिशीलतेसाठी सवलती व वाहनांत नंतर करावयाचे बदल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ३० मध्ये खेळांच्या सुविधांची पुनर्रचना व त्यासाठीचे तंत्रज्ञान यांचा समावेश आहे.

म्हणजे २०१६ मध्ये एका कायद्याने वाहनातील बदलास प्रोत्साहन द्यावयाचे ठरविले, तर दुसऱ्या कायद्याच्या व्याख्येत 'केवळ रूपांतरित नव्हे' हे शब्द तसेच होते. ही विसंगती मोटार वाहन (दुरुस्ती) अधिनियम, २०१९ ने दूर केली. अपंगवाहनाच्या जागी 'अनुकूलित वाहन' ही संज्ञा आली आणि तीत विशेष बांधलेल्या वाहनाबरोबर फेरफार केलेल्या वाहनालाही स्थान मिळाले. कारागीराने दोन पिढ्या जे केले, त्याला कायद्याने उशिरा का होईना नाव दिले.

४. प्रवासाकडून खेळाकडे

अपंग व्यक्तीला कामावर जाण्यासाठी वाहन हवे, हे समाजाला सहज पटते. तिला केवळ वेगाच्या आनंदासाठी वाहन हवे, हे पटण्यास वेळ लागतो. वास्तविक पुनर्वसन व खेळ यांचे नाते जुने आहे. १९४८ मध्ये लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मणक्याची दुखापत झालेल्या सैनिकांच्या स्पर्धा भरविल्या आणि त्यांतूनच पुढे पॅरालिंपिक चळवळ उभी राहिली. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आल्यावर १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिंपिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक मिळविले.

मोटार शर्यतीत हस्तनियंत्रण आणणाऱ्यांत स्विस चालक क्ले रेगाझोनी यांचे नाव महत्त्वाचे आहे. १९८० च्या लाँग बीच शर्यतीतील अपघाताने कमरेखालची शक्ती गेल्यावर त्यांनी हातांनी चालणाऱ्या मोटारींसह पुन्हा स्पर्धा केल्या. २००१ मध्ये दोन्ही पाय गमावलेले इटलीचे अलेस्सांद्रो झानार्दी २००३ मध्ये त्याच जर्मन धावपट्टीवर परतले व अपघातामुळे राहिलेल्या १३ फेऱ्या त्यांनी पूर्ण केल्या.

महाराष्ट्राशी निगडित उदाहरण दीपा मलिक यांचे आहे. १९९९ मधील मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर छातीखालील संवेदना गमावलेल्या दीपा मलिक यांची क्रीडा कारकीर्द अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील वास्तव्यात आकारास आली. बदल केलेले वाहन घेऊन रॅलीत उतरण्याचा परवाना भारतीय मोटार क्रीडा महासंघाकडून मिळविण्यासाठी त्यांनी दीर्घ पाठपुरावा केला आणि २००९ च्या 'रेड द हिमालय' मध्ये त्या सहभागी झाल्या. २०१६ मध्ये रिओ पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत त्यांनी रौप्यपदक मिळविले. त्यांच्या बाबतीतही वाहनात बदल करण्याइतकेच, तो बदल मान्य करून घेणे हे मोठे काम होते.

५. गो-कार्टचा आराखडा : प्रश्न व उत्तरे

१९५६ मध्ये कॅलिफोर्नियातील आर्ट इंगल्स यांनी गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन लावून पहिली कार्ट तयार केली. लोखंडी नळ्यांची चौकट, चार लहान चाके, उजव्या पायाशी ॲक्सिलरेटर व डाव्या पायाशी ब्रेक एवढीच तिची सामग्री. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी आज अशी वाहने प्रकल्प म्हणून तयार करतात. अपकेंद्री क्लचच्या कार्टमध्ये पायाने दाबावयाचा क्लच नसतो, त्यामुळे हाताकडे आणावयाची कामे दोनच उरतात. त्यातील प्रमुख प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) दांडीची जागा : मोटारीचे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनेक फेरे फिरते. म्हणून तेथे एका हाताने स्टिअरिंगवरील मूठ धरून दुसऱ्या हाताने बाजूची दांडी चालविणे सोयीचे असते. कार्टचे स्टिअरिंग चाकांशी थेट जोडलेले असून ते प्रत्येक बाजूस साधारण पाव फेराच फिरते. शिवाय ते जड असते व वळणावर दोन्ही हातांचे बळ मागते. म्हणून कार्टमध्ये दांड्या स्टिअरिंगच्या मागे, त्याच्याबरोबर फिरणाऱ्या असाव्यात. त्यांच्या केबलला पाव फेऱ्याइतकी ढील ठेवावी लागते, अन्यथा वळताना केबल ओढली जाऊन इंजिनाचा वेग आपोआप वाढेल.

(आ) ॲक्सिलरेटर : स्कूटरची फिरवावयाची मूठ येथे अयोग्य ठरते, कारण वळताना मनगट वळले की वेग बदलतो. अंगठ्याने वा बोटांनी दाबावयाची दांडी अधिक सुरक्षित होय. तिला दोन परतीच्या स्प्रिंग असाव्यात, म्हणजे एक तुटली तरी वेग कमी होईल. इंजिन बंद करण्याचे बटण हात न सोडता पोहोचेल असे असावे.

(इ) ब्रेक : पायाचे बळ हातात नसते, ही भीती गणिताने दूर होते. चालकासह १६० किलो वजनाच्या कार्टचा वेग गुरुत्वत्वरणाच्या ०.४ पट दराने कमी करावयाचा, तर रस्त्यावर ६४ किलोचा रोध लागतो. चाकाची त्रिज्या १४ सेंमी व डिस्कची परिणामी त्रिज्या ८ सेंमी धरल्यास डिस्कवर ११२ किलो, आणि दोन पॅडचे घर्षण ०.३५ धरल्यास पॅडवर १६० किलोचा दाब हवा. हायड्रॉलिक प्रमाण ४ व दांडीचे प्रमाण ५ ठेवल्यास हाताला ८ किलोच बळ लावावे लागते. याची किंमत दांडीच्या अंतरात चुकवावी लागते : दोन्ही पॅड अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकण्यासाठी दांडी २० मिलिमीटर ओढावी लागते. बोटांच्या आवाक्यात हे अंतर बसते. मात्र नळीत हवा राहिल्यास हे अंतर वाढते, म्हणून देखभालीचे महत्त्व येथे पायाच्या ब्रेकहून अधिक आहे.

(ई) पाय : मणक्याची दुखापत झालेल्या काही व्यक्तींच्या पायांना अनैच्छिक झटके येतात. मूळ पायडल तसेच ठेवल्यास असा झटका ॲक्सिलरेटर दाबू शकतो. म्हणून पायडल खिळीने बंद करता यावे व त्यावर आडोसा असावा. खिळ काढली की तीच कार्ट पायांनी चालविणाऱ्यासही वापरता येते. पाय पट्ट्यांनी बांधून ठेवणे आणि इंजिन व धुराडे यांच्या उष्णतेपासून त्यांचे रक्षण करणे अत्यावश्यक आहे, कारण संवेदना नसलेल्या त्वचेला भाजल्याचे कळत नाही. आसनाखाली दाब विभागणारी गादी नसल्यास जखमा होण्याचा धोका असतो.

(उ) पट्टा : सर्वसाधारण कार्टमध्ये सुरक्षा पट्टा नसतो, कार्ट उलटल्यास चालक बाहेर फेकला जाणे हे तिच्याखाली अडकण्यापेक्षा कमी धोक्याचे मानले जाते. धडाचा तोल नसलेल्या चालकाला मात्र पट्ट्यावाचून वळण घेता येत नाही. पट्टा लावावयाचा तर डोक्यावर संरक्षक चौकट हवी, आणि चौकट आली की वजन व गुरुत्वमध्य दोन्ही वाढतात. म्हणून हा बदल सुटा न करता संपूर्ण वाहनाचा पुनर्विचार करूनच करावा लागतो. केवळ भाग जोडणे आणि आराखडा करणे यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

निष्कर्ष :

१) हस्तनियंत्रित वाहनाच्या विकासात वापरणारी व्यक्ती व तिच्या जवळचा कारागीर यांचा वाटा कारखाना व शासन यांच्याइतकाच महत्त्वाचा आहे.
२) महाराष्ट्रातील अपंग चालकांना वेगळ्या वाहनाने नव्हे, तर सर्वांसाठी निघालेल्या गिअरविरहित स्कूटरने गतिशीलता दिली.
३) कायद्यातील परकीय व्याख्येमुळे हा व्यवहार दीर्घकाळ संदिग्ध राहिला, २०१६ व २०१९ च्या कायद्यांनी ती संदिग्धता मोठ्या प्रमाणात दूर केली आहे.
४) गो-कार्टसाठी हस्तनियंत्रण तांत्रिकदृष्ट्या सुलभ आहे, खरी कसोटी चालकाच्या शरीराच्या सुरक्षिततेचा विचार करण्यात आहे.
५) अभियांत्रिकीच्या विद्यार्थी प्रकल्पांत दिव्यांग चालकाला केवळ लाभार्थी न मानता आराखड्याच्या पहिल्या टप्प्यापासून सहभागी करून घेणे आवश्यक आहे.

समारोप :

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीपासून कॅम्प नं. ३ मधील महाविद्यालये व रुग्णालय फार दूर नाहीत. यंत्रकाम जाणणारे हात, शरीर जाणणारे वैद्यक आणि प्रश्न विचारणारे विद्यार्थी इतक्या जवळ असलेल्या जागा थोड्या असतात. बराकीची घरे करणाऱ्या या शहराला बदलून घेतलेल्या वस्तूचे मोल सांगावे लागत नाही. हे काम आता दुकानाच्या पायरीवरून प्रयोगशाळेच्या टेबलावर यावे, त्याची तपासणी व नोंद व्हावी, आणि अपंग चालकाला दरवेळी नव्याने स्वतःचा हक्क सिद्ध करावा लागू नये, एवढीच या इतिहासाची शिकवण आहे.